वांधो नथी

कोठीच्या आवारात, लिंबाखाली
स्टँप-वेंडरनं माझं वय विचारलं
आणि नीट ऐकू आलं तरी पुन्हा विचारलं.
एकसष्ट, म्हटलं. बिपिनभाईंचं चौसष्ट. लिही.

फॉर्म गुजरातीत.
चौथी पिढी आमची या बडोद्यात,
भाजी गुजरातीत, भांडण गुजरातीत,
आकडे तेवढे मनात मराठीत मोजते.
तरी ‘कन्या’ या शब्दासमोर
स्वतःचं नाव घालताना पेन अडलं.
पुढे तीन चौकटी. मी मधलीवर खूण केली: विधवा.

तिच्यासोबत जोडायचा दाखला
बारा वर्षं डांबरगोळ्यांच्या वासात पडून होता.
झेरॉक्सवाल्यानं तो काचेवर पालथा घातला,
हिरवा उजेड दत्ताजीरावांच्या नावाखालून सरकला
आणि कागद बाहेर आला. गरम.
थोडा वेळ मी तो नुसता धरून राहिले.

खिडकीतली मुलगी म्हणाली,
‘मासी, पेन्शन बंद थई जशे. खबर छे ने?’
आहे खबर.
नऊ हजार चारशे.
त्यासाठी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन
मी जिवंत आहे, असं सही करून सांगते.
त्याच रांगेत तर हे पुढे उभे होते,
हातात स्वतःच्या हयातीचा दाखला, उलटा.
मी म्हटलं, उलटा धरलाय.
म्हणाले, तरीच.

मग काचेच्या कपाटात नोटीस लागली.
तीस दिवस. कोणाला वांधो असल्यास लेखी कळवावे.

आपल्या मराठीत वांधा म्हणजे पंचाईत,
इथे वांधो म्हणजे हरकत.
मी दोन्ही घेऊन रोज काचेपुढे जायची,
भाजीची पिशवी हातात, कोणी पाहिलं तर सांगायला.
कोण घेणार हरकत?
मुलगा बंगळुरूहून ‘ओके आई’ एवढंच म्हणाला होता.
यांच्या बहिणीनं साडी पाठवली, बिलासकट.
ज्याला खरोखर विचारायला हवं होतं
त्याचा दाखला मीच फाईलला टाचला होता.

माझ्या कागदाच्या डाव्या हाताला आणखी एक कागद.
बावीस वर्षांचा मुलगा, एकोणीसची मुलगी,
दोन आडनावं जी एका ओळीत सहसा बसत नाहीत.
पत्ता पूर्ण. घर नंबरसुद्धा.
ती एकदा दिसली होती, तोंडाला ओढणी बांधलेली,
कागदाकडे न बघता कागदाजवळून गेली.

अकराव्या दिवशी तिघं जण आले,
एकानं मोबाईल वर धरला.
मी मध्ये जाऊन उभी राहिले.
‘मासी, जरा खसो ने.’
चष्मा सापडत नव्हता मला.
पिशवीतून गवार काढली, मेथी काढली,
पासबुक, छत्रीचं कव्हर, पुन्हा गवार,
सगळं काचेच्या कडेवर मांडलं.
काय वाचायचंय तुम्हाला? म्हटलं. माझंच लग्न आहे.
ते हसले. बराच वेळ हसले.
मग चहाला गेले.
मीही जागची हलले नाही, ऑफिस बंद होईपर्यंत.

पण बाराव्या दिवशी मी डेंटिस्टकडे होते.

तेविसाव्या दिवशी डावीकडे कागद नव्हता.
चार टाचण्या तशाच, एकीला कागदाचा कोपरा.
शिपायाला विचारलं.
‘खबर नथी.’
दुपारी परत विचारलं, तो चहाचे कप गोळा करत राहिला.

एकतिसाव्या दिवशी तीन साक्षीदार हवे होते,
आले दोनच. यांची बहीण आणि शेजारच्या खानविलकर बाई.
तिसरी सही झेरॉक्सवाल्यानं केली,
बोटांना शाई होतीच, अंगठाही आपणहून उठला.
खिडकीतल्या मुलीनं फाईल चाळली,
मागून पुढे, पुन्हा पुढून मागे.
‘वांधो नथी,’ म्हणाली, आणि शिक्का शोधायला लागली.

बिपिनभाई पेढे आणायला गेले.
मी बाहेर येऊन कपाटाशी उभी राहिले.
त्या चार टाचण्यांवर
आता कसलंसं टेंडर लागलं होतं, पाईपलाईनचं.
मी ते वाचलं. शेवटच्या तारखेपर्यंत.